परवानगीचा ओटा

आमच्या गावात ज्याच्या घराला भिंत आहे त्याच्या घराला ओटा आहे. कुणाचा शेणानं सारवलेला, कुणाचा फरशीचा, कुणाचा निम्मा रस्त्यात आलेला. भगवानराव पाटलाचा तर इतका पुढं आलेला की वळणावर बैलगाडीचं चाक त्याला घासून जातं, आणि वर गाडीवानच हात जोडून माफी मागतो. एवढ्या ओट्यांत सरकारी परवानगी काढून बांधलेला ओटा एकच आहे. तो आमचा.

हे मी कौतुकानं सांगत नाही, रागानं सांगते.

मी कौसल्या, डोमाजीची सून आणि धर्मपालची बायको. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण मी घेते. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून सासूनं यांना जन्मल्या जन्मल्या उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नाव ठेवलं उकंडा. नागपूरला दीक्षा घेऊन परत आल्यावर यांनी ते नाव टाकलं आणि धर्मपाल झाले. कमावलेलं नाव आहे. ते कशाला लपवायचं?

मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सारा जन्म गावकी केली. पाटलाचा निरोप घेऊन दारव्ह्याला पायी जायचं, आलेल्या साहेबाचं घोडं धरायचं, मेलेलं ढोर ओढायचं. काम नसेल तेव्हा पाटलाच्या ओट्याखाली, लोक जोडे काढतात तिथं बसायचं. पाटील दारात आला की उठून “जोहार मायबाप” म्हणायचं. तो आत गेला की बसायचं. पान थुंकायला तो पुन्हा बाहेर आला की पुन्हा उठायचं. भगवानरावाच्या बापापुढं मामाजी असेच उठले, भगवानरावापुढंही उठले, आणि भगवानरावाचं कार्टं रांगत दाराशी आलं तर त्याच्यापुढंसुद्धा उठले. त्या कार्ट्याला अजून स्वतःला उभं राहता येत नव्हतं.

दीक्षेनंतर ढोर ओढणं बंद केलं. पुढं गावकीच बंद झाली. मामाजींनी गावकीची काठी पाटलाच्या ओट्याला टेकवून ठेवली आणि मागं न बघता घरी आले. त्या संध्याकाळी जेवता जेवता ते म्हणाले, “मले एक ओटा पाह्यजे.”

सासूबाईंचा, मथुराबाईंचा, भाकरीवरचा हात थांबला. “कोनाचा ओटा?”

“कोनाचा म्हन्जे? आपला. आपल्या दारापुढं.”

“बसाले जमीन नाई का?”

“जमिनीवर जलमभर बसलो ना बाप्पा. आता मले ओट्यावर बसाचं हाय. पाय खाली सोडून. आन रस्त्यानं कोनीबी जावो, उठाचं नाई.”

एवढंच मागणं होतं. शेत मागितलं नाही, धोतरजोडी मागितली नाही. ओट्यावर बसायचं आणि उठायचं नाही. मला तर ऐकूनच इतका आनंद झाला की मी भाकरी करपवली. उद्याच बांधू म्हटलं. तांड्यावरचा लालसिंग दगडाची गाडी घेऊन नाल्याकडून येतोच, तो टाकील दगड. मुरूम आपण खणू. चिखलात दगड बसवायला आपल्या वस्तीतली माणसं काही कमी नाहीत. सकाळी सुरू केलं तर दोन-तीन दिवसांत मामाजी वर बसतील.

पण आमच्या घरात कायदा राहत होता ना!

धर्मपाल कापसाच्या हंगामात दिग्रसला जिनिंगमध्ये कामाला जात. तिथं जेवणाच्या सुट्टीत शिकलेली पोरं पेपर वाचत, सभा घेत, आणि हे त्यांच्यात बसून सगळं ऐकत. सातवीपर्यंत शिकलेले होते. बाबासाहेबांनी देशाचा कायदा लिहिला, तो आपणच नाही पाळला तर कोण पाळणार, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं आहे असं मी आजही म्हणणार नाही. पण कायदा लिहिणारा माणूस एक असतो आणि कायद्यावर बसलेला माणूस दुसरा असतो, हे त्यांना कोण सांगणार?

“परवानगी काढून बांधू,” ते म्हणाले. “गावठानात काही बांधाचं असन तं पंचायतीची परवानगी लागते. नेमच हाय तसा.”

“पाटलानं काढली होती?” मी विचारलं.

“त्याचं त्याच्यापाशी. बिनपरवानगीचा बांधला तं उद्या कोनीबी येऊन तोडन. परवानगी असली तं कोनाची हिंमत हाय बोट लावाची?”

“आ बैल मले मार,” सासूबाई म्हणाल्या आणि ताट उचलून गेल्या.

मामाजी मात्र लेकाकडं बघत राहिले. आपला पोरगा नेम बोलतो, याचंच त्यांना अप्रूप. म्हणाले, “त्याले समजते. त्याच्या मनानं होऊ द्या.”

ही चूक फक्त आमचेच लोक करू शकतात. गावात दुसऱ्या कुणाला ती सुचलीसुद्धा नसती. ज्यांना कायद्यानं कधी काही दिलं नाही त्यांना कायद्याची पर्वा नसते, आणि ज्यांच्याकडं सगळंच आहे त्यांना गरज नसते. नुकतंच काही मिळालेला माणूसच असा हात जोडून विचारायला जातो.

पंचायतीला तेव्हा स्वतःची जागा नव्हती. कचेरी भरायची ती सरपंचाच्या घरी, आणि सरपंच कोण, तर भगवानराव पाटील. म्हणजे ओट्याची परवानगी मागायला जायचं ते पाटलाच्याच ओट्याखाली. वर टेबल लावून पंचायतीचा सचिव घनश्याम बसायचा. मागं खाटेवर भगवानराव लोळलेला असायचा. पहिल्या दिवशी मीही यांच्याबरोबर गेले, कारण मला राहवेना.

घनश्यामनं अर्ज वाचला, उलटा करून पाहिला, मागं काही लिहिलं नाही याची खात्री करून घेतली.

“धर्मपाल कोन?”

“मी.”

“तू तं उकंड्या.”

“होतो. आता धर्मपाल हावो.”

“जन्माच्या दाखल्यात काय हाय? शाळेच्या दाखल्यात?”

“उकंडा.”

“मंग असं कर,” घनश्याम अगदी मायेनं बोलला, “उकंड्यानं अर्ज केला पाह्यजे. धर्मपाल नावाचा मानूस आमच्या गावात राह्यतच नाई. जो मानूसच नाई त्याले ओटा कसा देऊ?”

मागं खाटेवर हसल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता हे अर्ज फाडून त्याच्या तोंडावर फेकतील. फेकला असता तर मी त्या दिवशी गोडधोड केलं असतं. पण यांनी दुसरा कागद मागितला आणि ओट्याच्या कडेवर ठेवून, उभ्या उभ्या, खाली ‘उकंडा डोमाजी’ अशी सही केली. चार वर्षांत ते नाव त्यांनी कुठंच लिहिलं नव्हतं.  

मग सुरू झालं. आज हा कागद, उद्या तो कागद. ओट्याचा नकाशा पाहिजे. हे रात्रीचे दिग्रसहून येऊन कंदिलापुढं पट्टी घेऊन चौकोन काढत बसले. चौकोनच तो, त्यात काढायचं काय होतं? घनश्याम म्हणाला, पायरी कुठं आहे? पायरी काढली. म्हणाला, पाणी कुठं जाईल? उतार काढला. म्हणाला, शेजाऱ्यांची हरकत नाही असं लिहून आण. आमच्या शेजाऱ्यांनी तर अंगठे द्यायला रांग लावली. वस्तीतल्या म्हाताऱ्या तुळसाबाईला तर आमच्या घरापासून तिचं घर दिसतही नाही, पण तीही आली. “माहाबी घ्या,” म्हणाली. “मंग मीबी दोन घडी तिथं बसीन.”

घनश्यामच्या स्वतःच्या घराचा ओटा गावच्या नालीवर बांधलेला होता. पावसाळ्यात ती नाली तुंबून पाणी मारुतीच्या पारापर्यंत यायचं. याला कुणाचा नकाशा होता?

लालसिंगनं तेवढ्यात दगड आणून टाकले. मीच सांगितलं होतं त्याला. म्हटलं, दगड आले की यांचा धीर सुटेल आणि बांधतील. धीर काही सुटला नाही. ढीग दाराशी पडून राहिला. त्यात गवत उगवलं, विंचू निघाले, शेळ्या वर चढून उभ्या राहिल्या. लालसिंग येता-जाता गाडी हळू करायचा आणि विचारायचा, “काय डोमाजी, अजून बकऱ्याच बसून राह्यल्या का?”

मामाजी हसायचे. “बकऱ्यायले परवानगी लागत नाई ना बाबू.”

ते ढिगाच्या बाजूला, जमिनीवर, भिंतीला टेकून बसत. मी म्हणायची, “मामाजी, दगडावर तरी बसा.”

“नाई. बांधल्यावर बसीन. बसीन तं एकदाच बसीन.”

सगळ्यात मोठी गंमत रस्त्याची झाली. घनश्यामनं सांगितलं, ओटा रस्त्यात येतो, मंजूर होणार नाही. हे म्हणाले, रस्ता किती रुंद आहे ते दाखवा. घनश्यामनं गावठाणाचा नकाशा उघडला आणि त्याचंच बोट थांबलं. नकाशात आमच्या वस्तीकडं येणारा रस्ताच नव्हता. घरंसुद्धा नव्हती. गावाची शेवटची रेघ वडाच्या झाडापाशी संपत होती, त्यापुढं कोरा कागद. आम्ही त्या कोऱ्या कागदावर पिढ्यान्‌पिढ्या जन्मलो आणि मेलो होतो.

“रस्ताच नाई, तं ओटा रस्त्यात कसा येते?” यांनी विचारलं.

घनश्यामनं डोकं खाजवलं. मग भगवानराव खाटेवरून बोलला. उठला नाही, पडल्या पडल्या बोलला. “रस्ता नाई तं ओटा कोन्या रस्त्याच्या बाजूनं बांधतं बे? पह्यले रस्ता मंजूर करून घे.”

दुसरा माणूस तिथंच थकला असता. धर्मपाल थकले नाहीत. वस्तीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन त्यांनी रस्त्याचा अर्ज केला. यष्टीनं दारव्ह्याला खेपा घातल्या. कामाचे दिवस बुडाले. मोजणीवाला आला, साखळी टाकली, वडापासून आमच्या शेवटच्या घरापर्यंत रेघ ओढली गेली. वस्ती नकाशात आली. त्या दिवशी वस्तीत लोकांनी पेढे वाटले. हे मी मान्य करते, मलाही बरं वाटलं. पण रस्ता कागदावर आला आणि घनश्यामनं सांगितलं की आता रस्त्याची रुंदी ठरली, तेव्हा ओट्याची रुंदी निम्मी करावी लागेल.

“निम्म्यावर माहा बाप बसन कसा?” हे पहिल्यांदाच चिडून बोलले.

“सरळ बसन. पाय खालीच सोडाचे हायेत ना?” घनश्याम म्हणाला.

म्हणजे मामाजींचं बोलणं पाटलाच्या ओट्यापर्यंत पोचलं होतं. गाव लहान. भिंतीला कान असतात आणि आमच्याकडं तर धड भिंतीही नव्हत्या. डोमाजीला उठायचं नाही, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. तेव्हापासून घनश्यामनं कागद मागणंही बंद केलं. ना हो, ना नाही. “सायेब पाहून राह्यले,” एवढंच. कुठले साहेब, काय पाहून राहिले, ताकास तूर लागू देईना.

या सगळ्यात दोन कापूस गेले. मामाजींचं एका डोळ्यानं दिसणं कमी झालं. खोकला वाढला. एकदा रात्री त्यांना धाप लागली तेव्हा सासूबाई लेकावर ओरडल्या, “तुह्या बापाले ओट्यावर बसवाचं हाय का तिरडीवर? बांध ना तो मेला ओटा!”

मीही म्हटलं, “बांधा आता. तोडतील तर तोडतील. दोन दिवस तर बसतील.”

धर्मपालनी मान हलवली. “दोन दिवसाचा ओटा नाई पाह्यजे मले. तोडलेला ओटा बापाले दाखवू का?”

मी भांडी आपटली.

शेवटी वाट कायद्यातच सापडली, हेही सांगितलं पाहिजे. दारव्ह्याच्या कचेरीत एका भल्या कारकुनानं यांना नियमाचं पुस्तक हातात दिलं आणि म्हणाला, बसून वाच. त्यात होतं की अर्ज दिल्यावर ठरल्या मुदतीत पंचायतीनं काही कळवलं नाही, तर परवानगी दिली असंच समजायचं. मुदत कधीच उलटून गेली होती. हे तो नियम कागदावर उतरवून, पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून मोठ्यानं वाचून आले. वस्तीतली अर्धी माणसं मागं उभी होती. घनश्यामचं तोंड पाहण्यासारखं झालं.

पण भगवानराव शांत होता. खाटेवर उठून बसला आणि पानाचा डबा उघडत म्हणाला, “दे ना रे त्याले लेखी. कायले तंगवून राह्यला? गरीब मानूस हाय. खाली फक्त एक ओळ टाक. बांधून झाल्यावर सरपंचाची पाहनी होईन, मंग कायम मंजुरी.” आणि यांच्याकडं बघून म्हणाला, “मी सोता येईन पाहाले. डोमाजीले सांग, वर बसून राह्यजो.”

हे घरी आले ते कागद नाचवत. मी ती ओळ वाचली. मला चौथीपर्यंतच वाचायला शिकवलं होतं, पण तेवढं पुरलं. “येऊ द्या की पाहायला,” मी म्हटलं. “बघेल तो, आणि जाईल.” तेव्हा माझ्याही मनात दुसरं काही आलं नाही. आम्ही सगळेच रुंदी, पायरी आणि उतार यांत इतके गुंतलो होतो.

ओटा बांधला तो मात्र दृष्ट लागावी असा. निम्माच, पण काळ्या दगडाचा, चुन्यात बसवलेला, कमरेपेक्षा थोडा कमी उंच. उंचीबद्दल नियमात काही नव्हतं, आणि धर्मपालनी तिथं सूड काढला. गावातल्या कुठल्याही ओट्याहून तो उंच केला, पाटलाच्याहूनसुद्धा. वरचा थर लालसिंगनं निवडून आणलेल्या सपाट चिपांचा होता. मी भिंतीला चुना दिला. सासूबाईंनी, ज्या इतके दिवस ओट्याला शिव्या देत होत्या त्यांनी, तो दोनदा धुऊन काढला.

पाहणीच्या दिवशी मामाजींनी आंघोळ करून पांढरं धोतर नेसलं. डोक्याला पागोटं न बांधता पोरानं दिग्रसहून आणलेली टोपी घातली. पायरीवरून चढताना आधाराला मी हात पुढं केला, तर म्हणाले, “सोड माय. मीच जातो.” चढले. रस्त्याकडं तोंड करून बसले. पाय खाली सोडले, आणि दोन्ही पाय हलवून पाहिले. एवढा म्हातारा माणूस, पण पाय हलवताना लेकरासारखा हसला. मी पदर डोळ्यांना लावला. सारी वस्ती समोर जमली होती. तुळसाबाई पुढं येऊन खाली बसली होती, आपली पाळी येईल म्हणून.

वडाच्या बाजूनं भगवानराव येताना दिसला. मागं कागद घेऊन घनश्याम. रस्ता नवा, मुरूम टाकलेला. ज्या वस्तीत त्याच्या सात पिढ्यांत कुणी पाय टाकला नव्हता तिथं तो हातात छडी घेऊन, सावकाश, फिरायला निघाल्यासारखा येत होता. लोक बाजूला झाले. कुणी जोहार घातला नाही. धर्मपालनी ताठ उभं राहून “जय भीम” म्हटलं. भगवानरावानं मान डोलावली. वाईट काहीच बोलला नाही. सरळ ओट्यासमोर येऊन थांबला.

आणि मामाजी उठले.

ओट्यावरून घसरत, धोतर दगडाला अडकून फाटलं तरी न थांबता, खाली उतरले. पाठ वाकली, हात जमिनीकडं गेला. “जोहार मायबाप,” ते म्हणाले. आवाज अगदी स्पष्ट होता. त्या दिवशी खोकलासुद्धा मध्ये आला नाही.

 मी मामाजींच्या तोंडाकडं पाहिलं. त्यांना अजून कळलंच नव्हतं. मग हात खाली गेलेला त्यांना स्वतःलाच दिसला, आणि मग कळलं. असा चेहरा मी मेलेल्या माणसाचाही पाहिला नाही.

भगवानरावानं छडीनं ओट्याच्या कडेवर दोनदा ठोकून पाहिलं. वाकून पायरी पाहिली, उतार पाहिला. मग मागं वळून घनश्यामला म्हणाला, “मंजूर कर. चांगला बांधला. उंच हाय. उठाले सोपं जाते.”

सही झाली. कागद यांच्या हातात आला. ते दोघं आले तसेच सावकाश गेले.

लोकही एकेक करून निघून गेले. कुणी हसलं असतं तर मी त्याचा जीव घेतला असता, पण कुणी हसलं नाही. आमच्या लोकांत हसण्यासारखं त्यात कुणालाच काही वाटलं नाही. ज्याचे त्याचे पाय ज्याला त्याला ठाऊक. तुळसाबाई ओट्यावर न बसताच गेली.

धर्मपाल कागद हातात घेऊन दारात उभे होते. मी म्हटलं, “झालं समाधान? आता लिहा की अर्ज. विचारा तुमच्या पुस्तकाला.”

ते माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, “याच्यासाठी नेम नाई, कौसल्या. कोनाले बसू द्याचा नेम करता येते. त्याच्यापुढचं कोन करन?”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं आम्ही पाटलाबद्दल म्हणायचो. पाटीलकी गेली, तोरा गेला नाही. पण सुंभाला दोन टोकं असतात आणि दुसरं टोक आमच्या घरात होतं, हे त्या दिवशी समजलं. मला पाटलाचा राग आला, धर्मपालचा राग आला, कायद्याचा आला. मामाजींचा येईना. तेवढा एक आला असता तर मी लवकर मोकळी झाले असते.

मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ओट्याकडं फिरकले नाहीत. सासूबाईंनी समजावलं, यांनी समजावलं. मी फक्त ओटा झाडून ठेवत राहिले. तिसऱ्या का चौथ्या दिवशी सकाळी मी पाणी भरून आले तर मामाजी वर बसलेले. पण रस्त्याकडं पाठ करून. मांडी घालून, तोंड भिंतीकडं. मी दिलेल्या पांढऱ्या चुन्याकडं बघत.

“मामाजी, असं काहून बसले? रस्ता तिकडं हाय ना.”

“मी नाई उठलो त्या दिवशी, पोरी,” ते भिंतीकडं बघतच म्हणाले. “पाय उठले. त्यायले सवय हाय. कोन येऊन राह्यलं ते दिसलंच नाई, तं पाय कायले उठतीन?”

मी हंडा खाली ठेवला. चहा करून आणून दिला. त्यांनी तो भिंतीकडं तोंड करूनच प्यायला.

मग रोजचंच झालं. सकाळी चढायचे, दुपारपर्यंत बसायचे. ओटा बांधतात ते रस्ता पाहायला. कोण आलं, कोण गेलं, कुणाची गाडी, कुणाची सून. ते सगळं त्यांच्या पाठीमागून जायचं. लालसिंगनं हाक मारली तर नुसता हात वर करायचे. वळून पाहायचे नाहीत.

पण भगवानरावही काही कमी नव्हता. आमच्या वस्तीतला रस्ता मंजूर झाला होता, तो त्याच्या मळ्याला जवळचा पडतो असं त्याला एकाएकी आठवलं. रोज सकाळी तो तिकडून जायला लागला. आणि आमच्या घराच्या कोपऱ्याशी आला की खाकरायचा. नुसता खाकरायचा, बाकी काही नाही. त्याला कुठला कायदा लावणार?

मी चुलीपाशी बसून दारातून पाहायची. खाकरण्याचा आवाज आला की मामाजींची पाठ ताठ व्हायची. मांडी सुटू पाहायची, एक गुडघा वर यायचा. मग ते दोन्ही हातांनी ओट्याची कड धरायचे, पुरात माणूस झाड धरतो तशी. बोटं पांढरी पडायची. भगवानराव समोरून, म्हणजे मागून, निघून जाईपर्यंत ते तसेच धरून राहायचे.

ते उठले नाहीत. पुढं जितके दिवस जगले तितके दिवस एकदाही उठले नाहीत. कुणी डोमाजीचं काय झालं म्हणून विचारलं तर मी हे आधी सांगते.

मंजुरीचा कागद यांनी काचेत बसवून त्या भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. मी लावू दिला नाही. निदान तेवढी भिंत तरी त्यांच्यासमोर कोरी राहू दे, म्हटलं.